घरातलं नेट काढून टाकू का? एका केबलवाल्याचं उत्तर

वारज्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात सासरे ७२ वर्षांचे, मुलगा नववीत. सासरे पहाटे उठल्यापासून यूट्यूब लावून बसतात, मुलगा रात्री दीड वाजेपर्यंत पांघरुणात रील बघतो, आणि जेवायला बसा हे सांगायलासुद्धा घरातल्या घरात व्हॉट्सअॅप करावं लागतं. त्या विचारतात, हे एवढं कधी आणि कसं वाढलं, आणि नेटचं कनेक्शन सरळ काढूनच टाकू का?

ताई, काढू नका. काढलंत तर दोन दिवसांत दोघंही मोबाईलच्या डेटावर जातील, आणि त्या डेटावर तुमचा काही ताबा नाही. घरातला राउटर निदान तुमच्या हाताशी आहे. त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढे सांगतो, पण आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण तो कळला नाही तर उपाय चुकीच्या जागी होतो.

मी १९९४ पासून या धंद्यात आहे. आधी शनिवार पेठ, नारायण पेठेत केबल टीव्ही, मग ब्रॉडबँड, आता फायबर. लोकांना वाटतं व्हिडिओ वाढला तो लोक आळशी झाले म्हणून, किंवा पोरं बिघडली म्हणून. माझं मत वेगळं आहे. माणसं तीच आहेत. पूर्वी बघण्याला मोजणी होती आणि शेवट होता. या दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांदेखत गेल्या.

केबलच्या दिवसांत तक्रारीचे फोन झुंडीने यायचे. आठची मालिका सुरू असताना अॅम्प्लिफायर उडाला की एका मिनिटात दहा फोन. "अहो, आमच्या अख्ख्या वाड्याचं गेलंय!" म्हणजे अख्खा वाडा एकच गोष्ट बघत होता. १९९९ साली अल्फा मराठी (आताचं झी मराठी) सुरू झालं, त्यानंतर तर संध्याकाळचे ते दोन तास आम्ही शिडी आणि पक्कड घेऊन तयारच बसायचो. पण साडेनऊ-दहानंतर फोन शांत. मालिका संपली, ताटं मांडली गेली. वन डे मॅच असली तर शेवटची ओव्हर पडली की शांत. कार्यक्रमच संपायचा, त्यामुळे उठायला वेगळी शिस्त लागत नव्हती.

आता फोनला वेळच नाही. रात्री पावणेएकला येतो, पहाटे पाचला येतो, आणि प्रत्येक जण आपापल्या खोलीतून एकट्याचं सांगतो. मागच्या वर्षी एका घरातून अर्ध्या तासात तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या तक्रारी केल्या. बिघाड एकच होता, राउटरवर लाल दिवा. तिघांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नव्हतं.

मधला टप्पा सांगतो, कारण तो आज कोणाला आठवत नाही. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती २५६ केबीपीएस. आज या वेगात व्हॉट्सअॅपवरचा फोटोही रडत रडत उघडेल. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ ला चढला, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला, अवघ्या १९ सेकंदांचा. तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणाला त्याची खबरही नव्हती. पुण्यात मला यूट्यूब भेटलं ते २००८ मध्ये, एका निवृत्त गुरुजींच्या घरी.

वाड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. गुरुजींची मुलगी परदेशात, नातीच्या नाचाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ तिने चढवलेला. असा व्हिडिओ तेव्हा साधारण ११ एमबीचा. २५६ च्या लाईनवर सगळं सुरळीत चाललं तरी तो उतरायला सहा मिनिटं, आणि सगळं सुरळीत कधीच चालायचं नाही. गुरुजींनी त्यावर तोड काढली होती. व्हिडिओ लावायचा, लगेच थांबवायचा, ती करडी पट्टी हळूहळू भरायला सोडून द्यायची आणि स्नानाला जायचं. पूजा आटोपून आले की पट्टी भरलेली असायची. मग आजी पदराला हात पुसत शेजारच्या खुर्चीत येऊन बसायच्या आणि दोघं तो व्हिडिओ एकदा, फार तर दोनदा बघायचे. टेबलावर एक शंभर पानी वही असायची. तारीख, काय बघितलं, किती एमबी. प्लॅन महिन्याला १ जीबीचा होता, त्यापुढे पैसे पडायचे. बघून झालं की गुरुजी मोडेमचं बटण भिंतीतून बंद करायचे आणि त्यावर विणलेला रुमाल टाकायचे.

आज तुमच्या टीव्हीवर १०८०पीमध्ये, म्हणजे स्पष्ट एचडी चित्रात, एक तास काही बघितलं तर साधारण २ जीबी जातात. म्हणजे गुरुजींचे दोन महिने.

मोजणी गेली ती २०१६ मध्ये. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं, पहिले काही महिने डेटा फुकट, आणि मग बाकीच्या कंपन्यांनाही दर पाडावे लागले. २०१४ साली एक जीबी सरासरी २६९ रुपयांच्या आसपास होतं, आता दहा रुपयांच्या घरात आहे. पण दर पडण्याइतकीच मोठी दुसरी गोष्ट घडली, ती म्हणजे रोजच्या कोट्याचे पॅक. महिन्याला १ जीबी असतं तेव्हा माणूस पुरवून वापरतो. रोज दीड जीबी मिळतं आणि रात्री बारा वाजता ते संपतं, तेव्हा माणसाला वाटतं, उरलं तर वाया जाईल. माझ्याकडे काम करणारा मुलगा रात्री अकराला उरलेल्या डेटाचा व्हिडिओ डाउनलोड करून ठेवायचा. बघायचा नाही, फक्त वाया जाऊ नये म्हणून. गुरुजींची वही उलटी झाली ती अशी. घरातल्या फायबरने तर राहिलेली मोजणीही पुसून टाकली.

आता शेवट कसा गेला ते सांगतो. यात आमच्या धंद्याचा मोठा हात आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो.

व्हिडिओ एकसंध येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा १४४पी, २४०पी, ३६०पी, ४८०पी, १०८०पी अशा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो. तुमची लाईन कशी चालली आहे यावर मोबाईलचं सतत लक्ष असतं आणि तो पुढचा तुकडा त्या मानाने मागवतो. लाईन जड झाली की चित्र धूसर होतं, पण थांबत नाही. दुसरं म्हणजे लोकांना वाटतं हे सगळं अमेरिकेतून येतं. खरं तर जे पुष्कळ लोक बघतात त्याची प्रत गूगल, मेटा, नेटफ्लिक्स यांनी इंटरनेट कंपन्यांच्या जागेत ठेवलेल्या मशीनमध्ये असते. आम्ही त्या मशीनला कॅश म्हणतो, म्हणजे जवळचा साठा; पैशांची कॅश नव्हे. रात्री नऊ वाजता कोथरूडमध्ये चाललेला व्हिडिओ मुंबईतल्या किंवा इथल्याच एखाद्या रॅकमधून येत असतो. तिसरी गोष्ट रीलची. तुम्ही एक रील बघत असता तेव्हा पुढची आधीच तुमच्या फोनमध्ये उतरायला लागलेली असते. बोट वर सरकण्याआधी ती हजर.

पूर्वी ते गोल गोल फिरणारं चाक दिसलं की माणूस उठायचा, पाणी प्यायचा, कोणी हाक मारली तर ऐकू यायची. वीस वर्षं मी आणि माझ्यासारख्या हजारोंनी ते चाक घालवण्यासाठी रात्री जागवल्या आहेत. महापालिकेच्या खोदाईत फायबर तुटलं की भर पावसात रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसून केसासारखी तार जोडली आहे, मीटरवर सिग्नलचा लॉस शून्याच्या जवळ येईपर्यंत. ते काम मला आजही आवडतं. पण चाक गेलं आणि त्याबरोबर माणसाला उठवणारा शेवटचा थांबाही गेला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

अॅपवाल्यांनी त्यांच्या बाजूने तेच केलं. पान खाली खाली सरकत राहावं आणि कधीच संपू नये, ही युक्ती २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरने काढली. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे त्याबद्दल खंत व्यक्त केली. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशीचं माप बदललं. किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा किती वेळ बघितला याला वजन आलं. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोयही नंतर आली. २०२० च्या मार्चमध्ये सगळे घरात अडकले आणि लाईनवर इतका भार आला की मोबाईलवरचा व्हिडिओ ४८०पीच्या वर जाऊ न देण्याचं कंपन्यांनी ठरवलं. त्याच वर्षी २९ जूनला सरकारने टिकटॉकसह ५९ अॅप बंद केली. जुलैत इन्स्टाग्रामचे रील आपल्याकडे आले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स, आणि शॉर्ट्सची तर सुरुवातच भारतातून झाली. रिकामी जागा तीन महिनेसुद्धा राहिली नाही. तुमचा मुलगा तेव्हा तिसरी-चौथीत असेल आणि शाळा मोबाईलवर असेल. त्याच्या हातात फोन आपणच दिला होता, हे त्याच्याशी बोलताना विसरू नका.

मी व्हिडिओच्या विरोधात नाही, हेही सांगायला हवं. आमच्या भागात एक कर्णबधिर जोडपं आहे. दोघंही शिवणकाम करतात. त्यांच्या घरात बोलायचा साधा फोन कधी नव्हता, कारण फोनचा त्यांना उपयोग काय? फायबर लावायला मी स्वतः गेलो होतो. मुलगा बेंगळुरूला नोकरीला. जोडणी झाल्यावर त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि इकडे आई-वडिलांनी मोबाईल फुलपात्राला टेकवून ठेवला, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. आई-वडील एकाच वेळी हातांनी बोलायला लागले, मुलगा तिकडून हसत खुणेने सांगतोय की एकेक जण बोला. मी पक्कड हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. असं काम रोज मिळत नाही.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जा. मराठवाड्यातून, विदर्भातून एमपीएससीसाठी आलेली मुलं हेडफोन लावून दीडपट वेगाने लेक्चर ऐकत असतात. महागड्या क्लासची फी ज्याला परवडत नाही त्याला निदान शिक्षक ऐकायला मिळतो. कर्वेनगरात डबे देणाऱ्या किती तरी बायकांचं दुकान म्हणजे व्हॉट्सअॅपचं स्टेटस आहे. सकाळी दहाला भाजीचा फोटो टाकला की साडेदहाला डबे ठरलेले. ज्या आजींना मराठी टाईप करता येत नाही त्या माईकचं बटण दाबून बोलतात आणि हवा तो अभंग काढतात.

म्हणून मी चांगला व्हिडिओ, वाईट व्हिडिओ अशी विभागणी करत नाही. संपणारा आणि न संपणारा, अशी करतो. तासाचं कीर्तन संपतं. सिनेमा संपतो. लेक्चर संपतं, व्हिडिओ कॉल संपतो. रील संपत नाहीत. घरात एवढा एक फरक सगळ्यांच्या डोक्यात बसला तरी निम्मं भांडण मिटतं.

आता तुमच्या सासऱ्यांचं. त्यांना आधी विचारा की काय बघता. हटकायला नको, खरंच शेजारी बसून बघा. माझा अनुभव आहे की या वयाच्या लोकांना बहुतेक वेळा आवाज हवा असतो. जोडीदार गेलेला असतो, कट्ट्यावरचे मित्र एकेक कमी होतात, घरातले सगळे बाहेर. त्यांचा मोबाईल काढून घेतलात तर सोबतच काढून घ्याल. त्याऐवजी यूट्यूब टीव्हीवर लावून द्या. हातातला फोन एकट्याचा असतो, टीव्ही घराचा असतो, येता-जाता कोणी तरी दोन शब्द बोलतं. ऑटोप्लेचं बटण बंद करा. त्यांच्या आवडीचं नाट्यसंगीत, कीर्तन, शेतीचं काही असेल ते जोडून तासाभराची एक यादी करून द्या. यादी संपली की पडदा थांबतो, आणि माणूस आपणहून उठतो. आणखी एक, हिस्टरी पुसून ती बंद केली की यूट्यूबचं पहिलं पान जवळजवळ रिकामं दिसतं. मग जे हवं ते शोधून काढावं लागतं. भडक बातम्या आणि चमत्कारी औषधं आपोआप समोर येणं बरंच कमी होतं.

त्यांच्या व्हॉट्सअॅपकडे मात्र जास्त लक्ष द्या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच निरपराध माणसांना जमावाने मारलं, मुलं पळवणारे समजून. त्या दिवसांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून आलेले दोघं रस्त्यातलं मूल उचलून नेतात असा. तो मुळात कराचीतला, पालकांनी सावध राहावं म्हणून बनवलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. त्यात शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि तसा फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओतून कोणी तरी तो शेवटच कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी फॉरवर्ड करणं बंद केलं. सासऱ्यांना ही हकिगत सांगा आणि मेसेजवर दुहेरी बाण दिसला, म्हणजे तो पुष्कळदा फॉरवर्ड झालेला आहे, की पुढे पाठवायचं नाही, एवढं सांगा. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून "डिजिटल अटक" म्हणून घाबरवणारे लोक याच वयाच्या माणसांना गाठतात. अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवायचा, तुम्हाला सांगायचं, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन.

मुलाचं जरा अवघड आहे. इन्स्टाग्रामने १८ च्या आतल्यांसाठी टीन अकाउंट आणलं आहे. त्यात साठ मिनिटांनी आठवण येते, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात, आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे बदलायला पालकांची परवानगी लागते. पण त्याने खातं उघडताना जन्मसाल खरं टाकलं असेल तरच. बसून ते एकदा तपासा. आधी खरं सांगायला वाव द्या, लगेच रागावू नका.

मग राउटर. जवळजवळ प्रत्येक राउटरमध्ये एखाद्या फोनला वेळ बांधून देता येते. रात्री साडेदहा ते सकाळी सहा त्याचा फोन बंद, बाकीचं घर चालू. पण यात एक मेख आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. हल्लीचे फोन वायफायला जोडताना आपला पत्ता, म्हणजे राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो मॅक नंबर, बदलतात. तो पत्ता बदलला की राउटरला तो नवाच फोन वाटतो आणि वेळेचं बंधन लागत नाही. त्याच्या फोनमध्ये घरच्या वायफायपुरती ती खासगी पत्त्याची सोय बंद करा. त्याच्या सिमवर रोजच्या कोट्याचा पॅक असेल तर तोही बदलून कमी डेटाचा घ्या, नाहीतर साडेदहाला वायफाय गेलं की दहा एकतीसला डेटा चालू.

या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडलेला उपाय माझ्या घरातला आहे. सगळ्यांचे चार्जर बाहेरच्या खोलीत एका पट्टीवर लावले. रात्री साडेदहाला चारही फोन तिथे, माझाही. पहिले आठ-दहा दिवस माझी मुलगी माझ्याशी धड बोलली नाही. माझ्या धंद्यात रात्री फोन येतात, म्हणून मी जुना बटणांचा फोन उशाशी ठेवला आणि तो नंबर माझ्या कामावरच्या माणसांना दिला. तुमचा आणि मिस्टरांचा फोन त्या पट्टीवर नसेल तर हे चालणार नाही, मुलं ते बरोबर हेरतात.

दिवसा त्याला "दहाच रील बघ" असं सांगू नका. ते मोठ्यांनाही जमत नाही. शेवट बाहेरून यायला हवा. क्लासची वेळ, मैदानावर हाक मारायला येणारा मित्र, जेवणाचं ताट. आणि रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या चौघांनी मिळून काही तरी संपणारं बघा, अर्ध्या तासाचा एखादा भाग किंवा मॅचचे हायलाइट्स. सासऱ्यांना निवड करू द्या, एक दिवस मुलाला करू द्या.

जाता जाता, तुम्ही लिहिलंय की नेट अडकतं म्हणून मोठा प्लॅन घ्या, असा सल्ला तुम्हाला मिळतोय. आत्ता घेऊ नका. दहापैकी सात-आठ घरांत मला राउटर कपाटामागे नाहीतर फ्रिजवर सापडतो. तो घराच्या मधोमध, उघड्यावर, डोक्याच्या उंचीवर आणा. टीव्ही शक्यतो तारेने जोडा. राउटर बहुधा दोन वायफाय देतो: बाकीच्या फोनना जवळच्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्झचं (वेगवान, पण कमी पल्ल्याचं), लांबच्या खोलीत २.४ चं.

आणि वेळ बांधून देण्याआधी राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदला. कंपनीने दिलेला पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि तो तुमच्या मुलाने केव्हाच वाचलेला आहे. जमलं नाही तर तुमच्या भागातल्या नेटवाल्याला बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे. मुलाला बाहेर पाठवून गुपचूप करू नका. त्याला शेजारी बसवा आणि साडेदहा की अकरा, हे त्यालाच विचारून भरा.